नाकाबंदीपासून न्यायालयापर्यंत: श्वासचाचणी किती भरवशाची आणि कायदा कुठे साथ देतो

नाशिकमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री किंवा शनिवार-रविवारी गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका, पाथर्डी फाटा या भागांत नाकाबंदी लागली की दुसऱ्या दिवशी ओळखीपाळखीत एकच चर्चा सुरू होते. कुणी सांगतो की दोन तास टाळले की केस संपते, कुणी सांगतो की फुंकायला साफ नकार द्यावा, कुणी पुदिन्याच्या गोळ्या सुचवतो. यातील बहुतेक सल्ले चुकीचे आहेत आणि काही तर माणसाला अधिक अडचणीत टाकणारे आहेत. उलट कायद्याने आरोपीला जी खरी संरक्षणे दिली आहेत, त्यांची माहिती फार थोड्यांना असते. ही संरक्षणे पुढे न्यायालयात उपयोगी पडावीत असे वाटत असेल, तर त्यांची नोंद त्याच रात्री कागदावर यावी लागते. हा लेख त्या दृष्टीने, घटना ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने लिहिला आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडवण्याची युक्ती यात नाही. चाचणी चुकली असेल तर ती चूक कशी ओळखावी आणि कशी मांडावी, एवढेच यात आहे.

प्रथम कायद्याचा मजकूर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ दोन वेगळ्या गोष्टी सांगते. वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळते, तो दोषी ठरतो. तसेच अमली पदार्थाच्या अंमलामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवू न शकणाराही दोषी ठरतो. दारूच्या बाबतीत प्रश्न आकड्याचा आहे. तुम्ही गाडी सरळ चालवत होता, बोलणे स्पष्ट होते, हा बचाव आकडा सिद्ध झाल्यावर उपयोगी पडत नाही. मात्र आकडा ३० च्या ‘वर’ असला पाहिजे. बरोबर ३० असल्यास गुन्हा होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या कलमात फक्त ब्रेथ अॅनालायझरचा उल्लेख होता, त्यामुळे केवळ रक्ततपासणीवर उभा राहिलेला खटला टिकतो का, असा वाद घातला जात असे. दुरुस्तीने ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर कोणत्याही चाचणीत’ असे शब्द घालून ती वाट बंद केली. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडलेला असावा, ही जुनी अटही त्याच दुरुस्तीत गेली.

३० मिलिग्रॅम ही मर्यादा किती खाली आहे, हे हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. ७० किलो वजनाचा पुरुष धरला, तर साध्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा एक पेग त्याच्या रक्तात साधारण ४० च्या पुढचा आकडा आणू शकतो. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत घेतलेला १५० मिलिलिटर वाईनचा एक भरलेला ग्लास ३० च्या अगदी उंबरठ्यावर नेऊन ठेवतो. स्त्रियांच्या बाबतीत आणि कमी वजनाच्या व्यक्तींच्या बाबतीत आकडा आणखी वर जातो. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाळते. त्यामुळे रात्री एक वाजता १३० वर असलेला माणूस सकाळी सातला अंबड किंवा सातपूरच्या पहिल्या पाळीला निघतो, तेव्हाही तो मर्यादेच्या वर असण्याचा संभव असतो. झोप, कॉफी किंवा आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

गाडी थांबवल्यावर

कलम २०३ नुसार श्वासाचा नमुना मागण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला आहे. जागा सार्वजनिक असावी लागते आणि चालकाने कलम १८५ चा गुन्हा केला असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असावे लागते. व्यवहारात तोंडाचा वास, लालसर डोळे, गाडीची हेलकावणारी चाल ही कारणे लिहिली जातात. गाडी सोसायटीच्या बंद आवारात उभी होती, किल्ली लावलेली नव्हती, चालवण्याचा प्रयत्नही झाला नव्हता, अशी स्थिती असेल तर ती तिथल्या तिथे सांगावी आणि शक्य असल्यास तिचे छायाचित्र ठेवावे, कारण ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ हा गुन्ह्याचा पाया आहे.

याच वेळी घड्याळ पाहावे. गाडी कोणत्या वेळी थांबवली, चाचणी कोणत्या वेळी झाली आणि अटक केव्हा झाली, या तीन वेळांवर पुढचा बराचसा युक्तिवाद उभा राहतो. सोबत कुणी असेल तर त्याला या वेळा मोबाइलवर संदेश म्हणून स्वतःलाच पाठवून ठेवायला सांगावे. चित्रीकरण करायचे असल्यास शांतपणे, अंतर राखून करावे. हुज्जत घातल्यास सरकारी कामात अडथळा आणल्याचा वेगळा आणि अधिक जड आरोप ओढवतो, आणि मूळ प्रकरणात कितीही दम असला तरी तो आरोप मग स्वतंत्रपणे चालतो.

फुंकण्याआधीची पंधरा मिनिटे

श्वासचाचणी चुकण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येणारे कारण म्हणजे तोंडात राहिलेले अल्कोहोल. यंत्राला फुप्फुसाच्या खोलवरून येणारी हवा मोजायची असते. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या माऊथवॉशने चूळ भरली असेल, होमिओपॅथीचे अर्क किंवा खोकल्याचे काही औषध घेतले असेल, ढेकर येऊन पोटातले वर आले असेल, तर तोंडातील वाफ थेट यंत्रात जाते आणि आकडा रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट दिसू शकतो. हा परिणाम साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. २०२५ मध्ये केरळात पिकलेल्या फणसाचे गरे खाल्लेल्या बसचालकांच्या चाचणीत अल्कोहोल दिसल्याची बातमी आली होती, तिचे मूळही तोंडात राहिलेल्या अशा अंशात होते.

म्हणून उपाय साधा आहे. आपण असे काही घेतले असल्यास ते सांगावे, पंधरा मिनिटे काहीही न खातापिता, धूम्रपान न करता थांबून दुसरी चाचणी घेण्याची विनंती करावी आणि ती विनंती नोंदवून घ्यायला सांगावे. कलम २०३ मध्ये ‘एक किंवा अधिक’ नमुन्यांचा उल्लेख आहे, म्हणजे दुसरा नमुना कायद्याच्या चौकटीत बसतो. तसेच या कलमाखाली अटक झालेल्या व्यक्तीला पोलीस ठाण्यात श्वासाचा नमुना देण्याची संधी मिळाली पाहिजे, असेही याच कलमात आहे. तिथली चाचणी उशिरा होत असल्यामुळे तोंडातील अंश तोवर गेलेला असतो. पहिल्या चाचणीत ९० आणि वीस मिनिटांनी १२ असा फरक आला, तर पहिल्या आकड्यावर विसंबून शिक्षा होऊ नये यासाठी त्याहून चांगला पुरावा नाही. दोन्ही वेळी ८५ आणि ८२ आले, तर मात्र माऊथवॉशचा बचाव संपला असे धरावे.

यंत्र आत काय करते

बहुतेक हातातली यंत्रे फ्युएल सेल प्रकारची असतात. आतल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून प्रमाण काढले जाते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो, जो अॅसिटोनसारख्या इतर वाफांनाही प्रतिसाद देतो. मधुमेहात साखर फार बिघडून कीटोअॅसिडोसिस झालेल्या व्यक्तीच्या श्वासात अॅसिटोन असते, म्हणून यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हा प्रश्न अशा रुग्णाच्या प्रकरणात महत्त्वाचा ठरतो. फ्युएल सेल अॅसिटोनला जवळजवळ दाद देत नाही; मात्र मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांना देतो. हातावर सॅनिटायझर ताजा असताना यंत्र किंवा नळी हाताळली गेली असेल, तर तेही नोंदवण्यासारखे आहे.

यंत्र रक्त पाहत नाही, ते श्वास मोजते आणि गुणाकार करून रक्ताचा आकडा सांगते. हा गुणाकार २१०० : १ या गृहीत प्रमाणावर चालतो, म्हणजे रक्तातील ३० मिलिग्रॅमची मर्यादा श्वासात लिटरमागे सुमारे ०.१४३ मिलिग्रॅम होते. प्रत्यक्षात हे प्रमाण माणसागणिक बदलते. एखाद्याचे प्रमाण १५०० असेल तर यंत्रावर ४० दिसले तरी रक्तात २९ च्या आतच असू शकते. हा मुद्दा ऐकायला जोरकस वाटतो, पण माझ्या मते त्यावर फार भिस्त ठेवू नये. दारू पूर्ण शोषली गेल्यावर बहुतेकांचे प्रमाण २१०० पेक्षा थोडे अधिकच असते, म्हणजे यंत्र त्यांच्या बाबतीत आकडा कमीच सांगते. पिण्यानंतर पहिल्या तासाभरात, शोषण चालू असताना, श्वासाचा आकडा मात्र हातातून काढलेल्या रक्ताच्या आकड्यापेक्षा वर असू शकतो.

शरीराचे तापमान हा अधिक ठोस मुद्दा आहे. श्वास एक अंश सेल्सिअसने गरम झाला की आकडा साधारण सहा ते सात टक्क्यांनी वाढतो. दोन अंश ताप असलेल्या माणसाचा खरा २८ चा आकडा यंत्रावर ३२ च्या जवळ दिसू शकतो. त्या रात्री ताप होता हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने दाखवता आले, तर उंबरठ्यावरच्या प्रकरणात त्याला वजन आहे. आकडा १४० असेल, तर ताप, नळी, गृहीत प्रमाण या सगळ्यांनी मिळूनही तो ३० च्या खाली येणार नाही. अशा वेळी वकिलाने पक्षकाराला खरे सांगावे.

प्रिंट कशी वाचावी

यंत्रातून निघणारी अरुंद पट्टी बहुतेक जण न वाचताच घडी घालून खिशात टाकतात, आणि खटल्यातील सर्वांत बोलका कागद तोच असतो. त्यावर साधारणपणे यंत्राचा क्रमांक, चाचणीचा अनुक्रमांक, तारीख, वेळ, चालकाचे नाव किंवा वाहन क्रमांक, निकाल, शेवटच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राचे माप तपासून जुळवल्याची, तारीख आणि सह्या असतात. पट्टी उष्णतेवर छापलेली असते, काही महिन्यांत अक्षरे फिकी पडतात; म्हणून त्याच रात्री तिचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे.

वाचताना आधी एकक पाहावे. ०.०३ टक्के आणि १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम हे एकच आहे, पण श्वासाच्या लिटरमागे मिलिग्रॅममध्ये छापलेला ०.१४ हा आकडा वेगळा आहे. एकक न छापता नुसता आकडा असेल, तर तो कशाचा आहे हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे. त्यानंतर वेळ पाहावी. यंत्राचे घड्याळ आणि पंचनाम्यातील वेळ यांत पाऊण तासाचा फरक निघाला, तर ती चाचणी याच व्यक्तीची होती का, हा प्रश्न उभा राहतो. अनुक्रमांकही पाहावा, कारण एकाच नाकाबंदीतील अनुक्रमांक आणि वेळा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत.

सर्वांत महत्त्वाची नोंद रिकाम्या हवेच्या चाचणीची. माणसाने फुंकण्याआधी यंत्राने नुसत्या हवेवर शून्य दाखवले पाहिजे. नाही तर आधीच्या व्यक्तीचा अंश आत राहिला आहे किंवा यंत्र बिघडले आहे असा अर्थ होतो. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच कारणावरून एका चालकावरील कलम १८५ चा आरोप रद्द केला आणि चाचणीपूर्वी हवेवर शून्य येणे आवश्यक मानले. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात मांडता येतो. नवी, पाकीटबंद नळी आपल्यासमोर फोडली गेली का, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे.

यंत्राबाबत कायद्याची आणखी एक अट आहे. कलम २०३ च्या स्पष्टीकरणानुसार श्वासचाचणी म्हणजे केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारच्या यंत्राने घेतलेली चाचणी. म्हणून बचाव पक्षाने यंत्राचा नमुना, त्याची मान्यता, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र आणि त्या रात्रीच्या सर्व चाचण्यांची नोंदवही न्यायालयामार्फत मागवावी. कॅलिब्रेशनची मुदत उलटलेली असेल, तर आकडा किती वर आहे यापेक्षा तो का मानावा, हा प्रश्न आधी येतो.

नकार दिल्यास

नकार ही वाट नव्हे. कलम २०३ नुसार संशय असताना नमुना न दिल्यास वॉरंटशिवाय अटक करता येते, कलम २०४ नुसार रक्ताचा नमुना मागता येतो, आणि कलम २०५ नुसार वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येते. दम्याचा झटका, तोंडाला किंवा छातीला झालेली इजा ही वाजवी कारणे होऊ शकतात. त्या वेळी ‘मला फुंकता येत नाही, रक्त घ्या’ असे सांगणे कलम २०५ च्या दृष्टीने नुसत्या नकारापेक्षा फार वेगळे आहे.

पोलीस ठाणे आणि ते दोन तास

कलम २०२ नुसार कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला अटकेतून मुक्त करावे लागते. गैरसमज याच ठिकाणी आहे. कलमाचे शब्द अटकेतून सोडण्याबद्दल आहेत; खटला आपोआप संपतो असे ते म्हणत नाही. श्वासचाचणीचा निकाल आधीच हाती असेल, तर तपासणीला उशीर झाला तरी तो पुरावा तसाच राहतो. उशिराचा खरा फायदा रक्ताच्या आकड्याबाबत होतो, कारण तीन तासांनी घेतलेल्या रक्तावरून गाडी चालवतानाचे प्रमाण काढण्यासाठी मागे हिशेब करावा लागतो, आणि ताशी १० ते २५ मिलिग्रॅम अशा फरकामुळे तो हिशेब नेमका राहत नाही. म्हणून अटकेची वेळ ठाण्याच्या नोंदीत काय पडली आहे, ते पाहावे.

अटकेची कारणे कळणे आणि नातेवाइकांना खबर दिली जाणे हा अटक झालेल्याचा हक्क आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये किंवा अन्य रुग्णालयात ‘मेडिकल’ होते, तेव्हा प्रमाणपत्रावर अनेकदा ‘मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही’ असे वाक्य येते. ते वाचून अनेक जण सुटल्याचा नि:श्वास टाकतात. पण दारूबाबत कलमाला आकडा हवा आहे, अंमल नव्हे. त्यामुळे श्वासाचा किंवा रक्ताचा भक्कम आकडा असेल तर हे वाक्य वाचवत नाही. आकडाच नसेल किंवा तो कोसळला असेल, तर मात्र ते वाक्य सोन्यासारखे आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, अडखळती चाल, विसंगत बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून, रक्त किंवा लघवीच्या तपासणीशिवाय, नशा निर्विवाद सिद्ध होत नाही असे म्हटले होते.

रक्ताचा नमुना

रक्त श्वासापेक्षा अधिक विश्वसनीय आहे, पण कुपी भरल्यापासून अहवाल येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर ते बिघडू शकते. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसलेली नसावी. कुपीत रक्त गोठू न देणारे द्रव्य आणि टिकवणारे द्रव्य, सामान्यतः सोडियम फ्लोराइड, असावे. ते नसल्यास जंतूंमुळे कुपीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. कुपी हलवून द्रव्य मिसळावे, चिठ्ठी लावावी, लाखेची मोहोर करावी, तिचा ठसा सोबतच्या पत्रावर असावा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या रक्ततपासणी नियमांत ही पद्धत तपशिलाने दिली आहे आणि कुपी सात दिवसांत तपासणी अधिकाऱ्याकडे पोचावी असेही त्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या प्रकरणातही हे नियम चांगली कसोटी म्हणून वापरता येतात. नाशिकमध्येच प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, त्यामुळे शहरातील कुपी पोचायला पंधरवडा लागला असेल तर त्याचे स्पष्टीकरण मागावे. तोवर ती कुठे होती, फ्रीजमध्ये होती का, किल्ली कुणाकडे होती, याची साखळी कागदावर दिसली पाहिजे. २०२४ च्या पुण्यातील अपघात प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा या साखळीचे महत्त्व पीडितांच्या बाजूनेही सर्वांना दिसले. साखळी काटेकोर राहण्यात आरोपीइतकाच मृताच्या घरच्यांचाही हक्क गुंतलेला आहे.

स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेत असल्यास दुसरी स्त्री हजर असली पाहिजे. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमीचा श्वासाचा नमुना मागण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते आणि त्यांनी हरकत घेतल्यास तो मागता येत नाही.

न्यायालयात

कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, तो कलम २०० च्या यादीत नाही. त्यामुळे कुणी चौकातच ‘मिटवून टाकू’ म्हणत असेल तर ते बेकायदा आहे. प्रकरण सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, न्यायालयात दंडाधिकाऱ्यांसमोर जाते. तिथे एका सकाळी गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. कबुली देण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की ती दोषसिद्धी आहे आणि पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे दार तिने उघडते. आकडा स्पष्ट असेल आणि कार्यपद्धती नीट पाळली असेल, तर कबुली हा प्रामाणिक निर्णय ठरू शकतो. पण प्रिंट, प्रमाणपत्र आणि पंचनामा यांच्या प्रती वाचल्याशिवाय तो घेऊ नये. लढायचे असल्यास चाचणी घेणाऱ्या अंमलदाराच्या उलटतपासणीत हवेवरची शून्य चाचणी, नळी, निरीक्षणाची पंधरा मिनिटे आणि कॅलिब्रेशन या क्रमाने प्रश्न विचारावेत, आणि रासायनिक विश्लेषण अहवाल वादात असल्यास तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज करावा.

परवाना, मालक आणि विमा

पोलीस परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे नाशिककरांसाठी पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयाकडे, पाठवू शकतात. तिथून येणाऱ्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. ही कारवाई न्यायालयातील खटल्यापासून वेगळी चालते आणि दुर्लक्ष केल्यास एकतर्फी आदेश होतो. गाडी स्वतःची नसेल, तर मालकानेही सावध राहावे, कारण पिऊन असल्याचे माहीत असताना किल्ली देणारा कलम १८८ खाली त्याच शिक्षेस पात्र होऊ शकतो.

अपघात झाला असेल, तर विम्याचा प्रश्न फौजदारी निकालावर अवलंबून नाही. २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालीच नसली, तरी चालक दारूच्या अंमलाखाली होता हे विमा कंपनी इतर परिस्थितीवरून सिद्ध करू शकते आणि गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. दंडाधिकाऱ्यांनी संशयाचा फायदा दिला म्हणून दावा मंजूर होईलच असे समजू नये. विमा कंपनीला घटनेची माहिती देताना आणि दावापत्र भरतानाही पोलिसांकडील कागदांशी जुळणारा, खरा मजकूरच लिहावा.